उसन्या शब्दांची अनेकवचने आणि लॅटिनचा अधिकार

इंग्रजीने लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांचे अनेकवचन लॅटिनच्याच नियमाने झाले पाहिजे, आणि जो लेखक तसे करत नाही त्याचे शिक्षण अपुरे राहिले आहे असे समजले पाहिजे, हा आग्रह इंग्रजी लेखनाच्या चर्चेत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. ‘फोरम’चे ‘फोरम्स’ न करता ‘फोरा’ करावे, ‘सिलॅबस’चे ‘सिलॅबसेस’ न करता ‘सिलॅबाय’ करावे, ‘डेटा’ हा शब्द मुळात अनेकवचनी असल्याने त्याच्याबरोबर एकवचनी क्रियापद येता कामा नये, अशा सूचनांच्या रूपाने तो संपादकांच्या टेबलापासून शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचतो. आणि जिथे जिथे इंग्रजी ही प्रतिष्ठेची भाषा म्हणून शिकवली जाते त्या सर्व प्रदेशांत, महाराष्ट्रातही, तो इंग्रजीच्या पाठोपाठ येतो. हा आग्रह इंग्रजीच्या दृष्टीने निराधार आहे, लॅटिनच्या दृष्टीने पुष्कळदा चुकीचा आहे आणि भाषा शिकणाऱ्यांच्या दृष्टीने अपायकारक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. उसन्या शब्दाचे अनेकवचन ठरवण्याचा अधिकार शब्द देणाऱ्या भाषेकडे नसून तो घेणाऱ्या भाषेकडे असतो, आणि हा नियम कोणा बंडखोराने आज काढलेला नसून जगातील भाषा, खुद्द लॅटिनसुद्धा, त्याच नियमाने वागत आलेल्या आहेत.

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळ्या रूपात मांडून खोडून काढण्यात काही अर्थ नाही, म्हणून ते आधी पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. लॅटिननिष्ठ शुद्धतावाद्यांचे मुख्य मुद्दे तीन आहेत. पहिला मुद्दा मुळाशी प्रामाणिक राहण्याचा : शब्द ज्या भाषेतून आला तिच्यात त्याची जी रूपे होती ती जाणून घेणे आणि वापरणे हा त्या भाषेबद्दलचा आदर आहे, आणि दोन हजार वर्षांच्या ज्ञानपरंपरेशी असलेले नाते त्यामुळे जिवंत राहते. दुसरा मुद्दा नेमकेपणाचा : ‘डेटम’ म्हणजे एक नोंद आणि ‘डेटा’ म्हणजे अनेक नोंदी, हा भेद पुसला गेला तर विचारातील सूक्ष्मताही पुसली जाते. तिसरा मुद्दा मर्यादेचा : आज ‘डेटा’ एकवचनी मानला तर उद्या ‘क्रायटेरिया’ आणि ‘फिनॉमिना’ हेही एकवचनी मानावे लागतील, आणि मग कोणत्याही चुकीला चूक म्हणणे अशक्य होईल. हे तिन्ही मुद्दे विचार करणाऱ्या माणसांनी मांडलेले आहेत, त्यांच्यामागे भाषेविषयीची खरी आस्था आहे, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद तितक्याच गांभीर्याने केला पाहिजे.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी लॅटिनला इंग्रजीवर हा अधिकार मिळाला कसा, ते पाहणे उपयुक्त ठरते. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘व्याकरण’ या शब्दाचा अर्थच लॅटिनचे व्याकरण असा होता. विल्यम लिली याच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण शाळाशाळांतून राजाज्ञेने शिकवले जात होते, आणि विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेव्हा त्याने लिलीचाच साचा समोर ठेवला. इंग्रजीलाही लॅटिनप्रमाणे नियम आहेत हे सिद्ध करण्याची ती धडपड होती आणि त्या काळात ती समजण्यासारखी होती. मात्र जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये, स्वतः लॅटिनमध्येच लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात, या साच्याविरुद्ध स्पष्ट तक्रार नोंदवली : इंग्रजीची घडण वेगळी असताना तिला लॅटिनच्या चौकटीत बसवल्याने निरुपयोगी नियमांचा पसारा वाढतो. वॉलिसचा इशारा फारसा ऐकला गेला नाही, कारण लॅटिनचे ज्ञान ही नंतरच्या काळात विद्येबरोबरच सामाजिक दर्जाचीही खूण बनली. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांनी ग्रीकची सक्ती अनुक्रमे १९१९ आणि १९२० मध्ये काढली आणि लॅटिनची प्रवेशासाठीची अट १९६० च्या सुमारास शिथिल झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिन शिकण्याची सोय असलेल्या घरांतील मुलांनाच त्या दारातून सहज आत जाता येत होते. योग्य ठिकाणी ‘आय’ किंवा ‘ए’ लावून अनेकवचन करता येणे हा त्या शिक्षणाचा एक दृश्य पुरावा होता, आणि अट गेली तरी पुराव्याची प्रतिष्ठा मात्र मागे राहिली.

आता लॅटिनच्याच कसोटीवर हा आग्रह कितपत उतरतो ते पाहू. लॅटिन नामांचे, ती कशी चालतात यावरून, पाच वर्ग पडतात, आणि त्यांना येथे रूपवर्ग म्हणता येईल. ‘अस’ या ध्वनीने संपणारे प्रत्येक नाम एकाच वर्गात मोडते असा समज करून त्याला ‘आय’ लावणे, हा शुद्धतेच्या नावाखाली होणारा सर्वांत प्रचलित प्रमाद आहे. ‘फंगस’ किंवा ‘अ‍ॅलम्नस’ हे शब्द दुसऱ्या रूपवर्गातील पुल्लिंगी नामे असल्याने त्यांची अनेकवचने ‘फंगाय’ आणि ‘अ‍ॅलम्नाय’ होतात हे खरे. परंतु ‘जीनस’, ‘कॉर्पस’ आणि ‘ओपस’ ही तिसऱ्या वर्गातील नपुंसकलिंगी नामे आहेत आणि त्यांची अनेकवचने ‘जेनेरा’, ‘कॉर्पोरा’ आणि ‘ओपेरा’ अशी होतात. ‘सेन्सस’, ‘स्टेटस’, ‘अ‍ॅपरेटस’, ‘प्रॉस्पेक्टस’ हे शब्द चौथ्या वर्गातील असून लॅटिनमध्ये त्यांचे अनेकवचन लिहिताना एकवचनासारखेच दिसते, फक्त शेवटचा स्वर दीर्घ होतो. म्हणून ‘प्रॉस्पेक्टाय’ असे लिहिणारा लेखक इंग्रजीही लिहीत नाही आणि लॅटिनही लिहीत नाही.

काही शब्द तर लॅटिनमध्ये नामेच नव्हते. ‘इग्नोरेमस’ हे ‘आम्हांला ठाऊक नाही’ अशा अर्थाचे प्रथमपुरुषी अनेकवचनी क्रियापद आहे. आरोपपत्रास पुरेसा पुरावा नसल्याचा अभिप्राय ज्यूरी त्या शब्दाने नोंदवत असे, आणि १६१५ मध्ये केंब्रिज येथे पहिल्या जेम्स राजासमोर झालेल्या जॉर्ज रगल याच्या त्याच नावाच्या नाटकातील वकिलाच्या पात्रामुळे तो शब्द अज्ञानी मनुष्य या अर्थाने रूढ झाला. क्रियापदाला नामाचा प्रत्यय लावून ‘इग्नोरेमाय’ करणे लॅटिनमध्ये शक्यच नाही. ‘ऑम्निबस’, ज्याचे शेपूट ‘बस’ या नावाने जगभर धावते, हे ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाचे चतुर्थीचे अनेकवचन आहे. ‘कोरम’ हे ‘ज्यांच्यापैकी’ अशा अर्थाचे षष्ठीचे अनेकवचन आहे. ‘व्हेटो’ म्हणजे ‘मी मनाई करतो’, ‘अ‍ॅफिडेव्हिट’ म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितले’, ‘डेफिसिट’ म्हणजे ‘कमी पडते’. या सर्वांना इंग्रजीने आपला ‘स’ किंवा ‘एस’ लावला आणि कोणाही शुद्धतावाद्याने त्याला हरकत घेतली नाही, कारण घेण्यासारखी लॅटिन रूपे उपलब्धच नव्हती. एखाद्या तत्त्वाला इतके अपवाद लागत असतील आणि ते तत्त्व पाळण्यासाठी प्रत्येक वक्त्याला पाच रूपवर्ग, तीन लिंगे आणि क्रियापदांची रूपे पाठ असावी लागत असतील, तर ते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीचे तत्त्व असूच शकत नाही.

‘व्हायरस’ हे उदाहरण अधिक बोलके आहे. लॅटिनमध्ये हा शब्द विष किंवा चिकट स्राव या अर्थाचे पदार्थवाचक नाम होता, म्हणजे दूध किंवा तेल यांच्याप्रमाणे ज्याची मोजदाद होत नाही असे नाम होता, आणि त्याचे अनेकवचन प्राचीन लॅटिन वाङ्मयात आढळत नाही. जे ‘व्हायराय’ म्हणतात त्यांनी लॅटिनमधील ‘पुरुष’ या अर्थाच्या वेगळ्याच शब्दाचे अनेकवचन उच्चारलेले असते. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक याने १८९८ मध्ये तंबाखूच्या रोगाला कारण होणाऱ्या, बारीकातल्या बारीक गाळणीतूनही निसटणाऱ्या घटकाला हा शब्द लावला, आणि पुढे त्याचे एकेक कण वेगळे मोजता येऊ लागले. म्हणजे ज्या वस्तूचे अनेकवचन हवे ती वस्तू रोमन लोकांच्या कल्पनेतही नव्हती. नव्या वस्तूला जुन्या शब्दाने नाव दिले की तिची गणना नव्या भाषेनेच करायची असते, आणि ‘व्हायरसेस’ हे रूप त्या गरजेतून आलेले आहे.

‘सिलॅबस’चा इतिहास तर शुद्धतेच्या कल्पनेलाच अडचणीत आणणारा आहे. सिसेरोने अटिकसला लिहिलेल्या पत्रांत पुस्तकांच्या गुंडाळ्यांना लावायच्या चर्मपत्राच्या चिठ्ठ्यांसाठी एक ग्रीक शब्द वापरला होता. तो हस्तलिखितांत बिघडला, पंधराव्या शतकातील छापील आवृत्त्यांत ‘सिलॅबोस’ असा उतरला, आणि त्या चुकीच्या वाचनातून ‘सिलॅबस’ हे नाम जन्माला आले. ज्या शब्दाला प्राचीन लॅटिनमध्ये अस्तित्वच नव्हते त्याचे प्राचीन अनेकवचन शोधण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ‘सिलॅबाय’ हे रूप वापरात आहे, भारतातील विद्यापीठांच्या परिपत्रकांतही ते दिसते आणि ते चूक नाही. परंतु ते बरोबर आहे ते इंग्रजी वापरामुळे, सिसेरोमुळे नव्हे, आणि त्याच कारणाने ‘सिलॅबसेस’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या शब्दावर लाल रेघ ओढण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

समजा, एखाद्या शब्दाच्या बाबतीत लॅटिन अनेकवचन निःसंशय ठाऊक आहे, तरीही मुळाशी प्रामाणिक राहण्याचा युक्तिवाद पुढे जात नाही. लॅटिन ही विभक्तिप्रत्ययांनी चालणारी भाषा आहे आणि तिच्यात अनेकवचन हे एकच रूप नसते; ‘फंगाय’ हे केवळ प्रथमेचे, म्हणजे कर्त्याच्या जागी येणारे रूप आहे. तेच नाम कर्म झाले की ‘फुंगोस’, षष्ठीत ‘फुंगोरुम’ आणि तृतीयेच्या अर्थाने ‘फुंगिस’ असे होते. लॅटिनशी खरोखर एकनिष्ठ राहायचे असेल तर इंग्रजी वाक्यात ‘च्या’ किंवा ‘ने’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आल्यावर नामाचे रूपही बदलले पाहिजे. परंतु असा आग्रह कोणी धरत नाही, आणि धरला तर ते वाक्य इंग्रजी राहणार नाही. याचा अर्थ असा की शुद्धतावादी लॅटिनच्या व्यवस्थेतून एकच रूप उचलतो, ते इंग्रजीच्या व्यवस्थेत बसवतो आणि बाकीची व्यवस्था सोडून देतो. असे करणे गैर नाही, कारण उसने घेण्याची रीतच ही आहे. पण असे केल्यानंतर लॅटिनचे नियम पाळल्याचा दावा करता येत नाही, आणि इंग्रजीने तडजोड कुठे थांबवावी हे लॅटिनच्या नावाने सांगताही येत नाही.

या वादाचा निकाल रोमन लोकांनी स्वतःच दिलेला आहे, हे प्रतिपक्षाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. लॅटिनने ग्रीकमधून असंख्य शब्द घेतले होते, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या आचार्याने आपल्या ‘इन्स्टिट्यूशिओ ओरॅटोरिया’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात नेमका हाच प्रश्न घेतला : परकी नामे त्यांच्या मूळ भाषेप्रमाणे चालवावीत की लॅटिनप्रमाणे? जुन्या वळणाचे वैयाकरण लॅटिन रूपांचा आग्रह धरतात आणि नवे विद्वान ग्रीक नामांना ग्रीक रूपे देऊ पाहतात, असे त्याने नोंदवले, आणि कानाला खटकत नाही तोवर लॅटिनचीच पद्धत पाळावी असा आपला कौल दिला. त्याच ठिकाणी त्याने कॅलिप्सो या ग्रीक नावाचे सीझरने वापरलेले लॅटिन वळणाचे रूप आता कोणी वापरणार नाही असे सांगितले, आणि त्याचे कारण दिले ते हे की तेथे रूढीने अधिकारावर मात केली आहे. ग्रीक रूप पसंत करणाऱ्यालाही त्याने दोष दिला नाही. तो लॅटिन बोलत नाही एवढेच म्हटले. घेणाऱ्या भाषेची पद्धत हा नियम, रूढी हा अंतिम निर्णय आणि पर्यायी रूपांबाबत सहिष्णुता, ही तीन तत्त्वे क्विंटिलियनने लॅटिनसाठी स्वीकारली. लॅटिनचा आदर करणाऱ्यांनी ती इंग्रजीला नाकारण्याचे काही कारण नाही.

‘ऑक्टोपस’च्या प्रसिद्ध वादातही हा रोमन पुरावा उपयोगी पडतो. ‘आठ पायांचा’ अशा अर्थाचा हा शब्द ग्रीक असल्याने त्याचे ‘ऑक्टोपाय’ हे अनेकवचन अडाणीपणाचे आहे आणि खरे रूप ‘ऑक्टोपोडीज’ असावे, असे सांगितले जाते. एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात ‘ऑक्टोपसेस’ला प्रथम स्थान दिले आणि अभिजात रूप हवेच असेल तर ते ‘ऑक्टोपोडीज’, ‘ऑक्टोपाय’ नव्हे, असे नमूद केले. परंतु याच प्राण्याला रोमन लोक ‘पॉलिपस’ म्हणत. तोही ग्रीकमधून आलेला, ‘पाय’ या अर्थाच्या त्याच पदाने संपणारा शब्द होता, आणि लॅटिनने त्याला सरळ दुसऱ्या रूपवर्गात घालून त्याचे अनेकवचन ‘पॉलिपी’ केले. रोमन लोकांनी जे केले तेच इंग्रजांनी केल्यावर ते अडाणी ठरते, असे म्हणण्यास आधार नाही. ‘ऑक्टोपसेस’ हेच आज सर्वांत सुलभ आणि रूढ रूप आहे. मात्र ते श्रेष्ठ ठरते ते ग्रीक व्याकरणाच्या न्यायालयात दुसऱ्या रूपाचा पराभव झाला म्हणून नव्हे, तर ते साधे इंग्रजी आहे म्हणून. फाउलर हा अभिजात भाषांचा शिक्षक होता आणि ल्यूशियनचा भाषांतरकार होता. असे असूनही लॅटिन अनेकवचने मागे पडत चालली आहेत आणि शंका असेल तेव्हा इंग्रजी रूप पसंत करावे असाच सर्वसाधारण सल्ला त्याने दिला. लॅटिन उत्तम जाणणाऱ्याने दिलेला हा सल्ला लॅटिन जुजबी जाणणाऱ्यांनी धुडकावावा, ही गोष्ट खेदाची आहे.

मूळ भाषेचे अनेकवचन पाळणे हे तत्त्व असेल तर ते सर्व भाषांना सारखे लागू झाले पाहिजे. ‘माँगूस’ हा इंग्रजी शब्द मराठीतील ‘मुंगूस’ या शब्दापासून आलेला आहे आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आढळतो. त्याचे इंग्रजी अनेकवचन ‘माँगूसेस’ होते. ते ‘मुंगुसे’ असे असावे, अशी मागणी कोणा इंग्रज वैयाकरणाने केलेली नाही आणि मराठी माणसानेही करू नये, कारण तो शब्द इंग्रजी झाला आहे. भारतीय, आफ्रिकी, मलय भाषांतून आलेल्या शेकडो शब्दांना इंग्रजीचा प्रत्यय निमूट लागतो. मूळ अनेकवचनाचा हट्ट प्रामुख्याने लॅटिन आणि ग्रीक यांच्याच वाट्याला येतो. जे तत्त्व केवळ प्रतिष्ठित भाषांपुरते जागे होते ते भाषाशास्त्राचे तत्त्व नव्हे, ती प्रतिष्ठेची उतरंड आहे. खुद्द लॅटिन शब्दांतही ही निष्ठा एकसारखी नाही : ‘म्यूझियम’, ‘अल्बम’, ‘सर्कस’, ‘कॅम्पस’, ‘बोनस’ यांना इंग्रजी प्रत्यय लावताना ‘फोरा’चा आग्रह धरणारेही थबकत नाहीत.

मराठी वाचकाला हा मुद्दा स्वतःच्या भाषेवरून पडताळून पाहता येतो. संस्कृतचे मराठीवरील ऋण लॅटिनच्या इंग्रजीवरील ऋणापेक्षा कमी नाही, आणि ‘राजा’, ‘पिता’, ‘विद्वान’ यांसारखे शब्द मराठीने संस्कृतच्या प्रथमेच्या एकवचनी रूपातच उचलले आहेत. तरीही मराठीत ‘राजानः’ न होता ‘राजे’ होतात, ‘नद्यः’ न होता ‘नद्या’ होतात, ‘पुस्तकानि’ न होता ‘पुस्तके’ होतात, आणि अत्यंत कर्मठ पंडितानेही मराठी वाक्यात ‘पुस्तकानि’ लिहिण्याची शिफारस केलेली नाही. अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेल्या शब्दांनी तर वचनही बदलले. ‘अहवाल’ हे अरबीत ‘हाल’, म्हणजे स्थिती, या शब्दाचे अनेकवचन आहे, ‘अफवा’ हे ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे, ‘उमराव’ हे ‘अमीर’चे अनेकवचन आहे, आणि ‘कवायत’ हे ज्या रूपापासून आले ते ‘कायदा’ याच शब्दाचे अनेकवचन आहे. मराठीत हे सर्व शब्द एकवचनी झाले, ‘कायदा’ आणि ‘कवायत’ ही तर दोन स्वतंत्र नामे बनली, आणि ‘अहवाल सादर झाला’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला अरबी येत नाही म्हणून कोणी दोष देत नाही. ‘डेटा’ या शब्दाने इंग्रजीत एकवचनी क्रियापद घेणे ही त्याच प्रकारची, तितकीच निर्दोष घटना आहे.

आता नेमकेपणाचा मुद्दा. ‘डेटम’ म्हणजे ‘दिलेली गोष्ट’. गणितात ज्या राशी दिलेल्या मानून पुढे जायचे त्यांना हे नाव होते, आणि युक्लिडच्या एका ग्रंथाचे लॅटिन नावच ‘डेटा’ असे आहे. त्या संदर्भात एकेक दिलेली राशी वेगळी मोजता येत होती. आजचा ‘डेटा’ हा साठवला, पाठवला आणि मोजला जाणारा माहितीचा साठा आहे. त्याचे माप बाइटमध्ये होते आणि ‘सतरा डेटा’ असे कोणी म्हणत नाही. अर्थाने तो शब्द पदार्थवाचक झाला आहे, म्हणून त्याला एकवचनी क्रियापद लावणे हेच नेमकेपणाचे आहे. संशोधनपत्रांत त्याला अनेकवचनी चालवण्याची प्रथाही जिवंत आहे आणि तीही इंग्रजीचीच प्रथा आहे. शिवाय भूमापनशास्त्रात संदर्भासाठी धरलेल्या पातळीला ‘डेटम’ म्हणतात आणि तिचे अनेकवचन तज्ज्ञ ‘डेटम्स’ असे करतात, कारण ‘डेटा’ म्हटल्यास ऐकणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणजे येथे लॅटिन रूप टाळल्यानेच नेमकेपणा साधतो.

असे भेद इंग्रजीने ठिकठिकाणी निर्माण केले आहेत. ‘अँटेना’ या शब्दाचा लॅटिनमधील अर्थ शिडाची आडवी काठी. कीटकांच्या मिशांसाठी त्याचे लॅटिन अनेकवचन राहिले आणि रेडिओच्या उपकरणासाठी इंग्रजी अनेकवचन रूढ झाले. गणितात घातांकांसाठी ‘इंडिसीज’ आणि पुस्तकांच्या शेवटच्या सूचींसाठी ‘इंडेक्सेस’. प्रसारमाध्यमांसाठी ‘मीडिया’ आणि मृतात्म्यांशी संवादाचा दावा करणाऱ्यांसाठी ‘मीडियम्स’. ‘स्टेमेन’ म्हणजे मागावरील उभा धागा. नियतीदेवता माणसाच्या आयुष्याचे धागे कातते या कल्पनेतून त्याचे लॅटिन अनेकवचन ‘स्टॅमिना’ हे दमखम या अर्थाचे एकवचनी नाम झाले, आणि फुलातील पुंकेसरांसाठी ‘स्टेमेन्स’ हे इंग्रजी अनेकवचन पुढे आले. ‘रेफरेंडम’च्या बाबतीत तर लॅटिन जाणणाऱ्यांनीच ‘रेफरेंडम्स’ला पसंती दिली आहे, कारण कृती दाखवणाऱ्या त्या क्रियावाचक नामाला लॅटिनमध्ये अनेकवचन नाही आणि ‘रेफरेंडा’ म्हटल्यास ‘लोकांपुढे ठेवायचे अनेक प्रश्न’ असा वेगळाच अर्थ निघतो. एकाच शब्दाची दोन अनेकवचने ठेवून भाषेने आपली अर्थसंपत्ती वाढवली असताना त्यांतील एक रूप चुकीचे ठरवणे म्हणजे नेमकेपणाच्या नावाने नेमकेपणाचीच हानी करणे होय.

तिसरा मुद्दा मर्यादा सुटण्याच्या भीतीचा आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे. ‘क्रायटेरिया’ आणि ‘फिनॉमिना’ हे शब्द, मूळ ग्रीक असले तरी, याच वादात ओढले जातात. त्यांना एकवचनी वापरणे आज काळजीपूर्वक लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत चूक समजली जाते आणि ती चूक म्हणून दाखवून देणे योग्यच आहे. परंतु ती चूक आहे ती ‘क्रायटेरियन’ हा एकवचनी शब्द इंग्रजीत नित्य वापरात असल्यामुळे आणि सुशिक्षित वाचक दोन रूपांतला भेद आजही पाळत असल्यामुळे, ग्रीकमध्ये तसा नियम होता म्हणून नव्हे. ‘अजेंडा’ हेही लॅटिनमध्ये अनेकवचन होते, ‘करावयाच्या गोष्टी’, संस्कृतच्या परिभाषेत ‘कर्तव्यानि’. आज ‘अजेंडाज’ हे त्या अनेकवचनाचे अनेकवचन निर्वेध वापरले जाते आणि इंग्रजीचा बांध त्यामुळे फुटलेला नाही. चूक आणि बदल यांच्यातील सीमा दाखवण्यास इंग्रजीचा स्वतःचा पुरावा पुरेसा आहे. उलट ती सीमा लॅटिनवर सोपवली तर ‘अजेंडा’ आणि ‘क्रायटेरिया’ यांच्यात फरकच करता येणार नाही, आणि चुकीला चूक म्हणण्याचे साधन हातातून जाईल.

या प्रतिपादनाचा विपर्यास होऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाचाही विचार आवश्यक आहे. लॅटिन अनेकवचने इंग्रजीतून हद्दपार करावीत आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रत्यय लावावा, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे तितकेच एकांगी आहे. ‘लार्व्ही’, ‘न्यूक्लिआय’, ‘बॅक्टेरिया’, ‘जेनेरा’, ‘अ‍ॅलम्नाय’ ही रूपे प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांत रोज बोलली जातात. ज्यांना लॅटिनचे एक अक्षर येत नाही असे जीवशास्त्राचे विद्यार्थीही ती सहज वापरतात, आणि त्यामुळेच ती अस्सल इंग्रजी ठरतात. ती काढून टाकणे हाही बाहेरून लादलेला नियमच होईल. लॅटिन शिकण्याची गोडी ज्याला आहे त्याने ते जरूर शिकावे. शब्दांचा इतिहास जाणणे ही मोठी समृद्धी आहे आणि येथे मांडलेले अनेक पुरावेही त्या इतिहासातूनच आले आहेत. आक्षेप लॅटिनच्या ज्ञानावर नसून त्याच्या गैरवापरावर आहे, आणि इतिहास नीट जाणला तर तो गैरवापर अशक्य होतो.

या विवेचनातून व्यवहारासाठी निघणारा नियम सोपा आहे. एखाद्या शब्दाचे अनेकवचन ठरवताना आधुनिक इंग्रजी कोश पाहावा, त्या विषयातील जाणकार कोणते रूप वापरतात ते पाहावे, दोन रूपे प्रचलित असतील तर अर्थभेद आहे का ते तपासावे, आणि तरीही शंका उरली तर इंग्रजीचा साधा प्रत्यय लावावा. या नियमाने चालणाऱ्याकडून ‘क्रायटेरिया’ची चूक होणार नाही आणि ‘प्रॉस्पेक्टाय’चीही होणार नाही, दुसऱ्याच्या बरोबर रूपाला तो चूकही म्हणणार नाही. शिक्षकांवर आणि संपादकांवर याबाबत विशेष जबाबदारी येते, कारण त्यांच्या एका खुणेने शिकणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो किंवा खचतो. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा कोट्यवधी लोकांना ती कष्टाने शिकावी लागते. त्यांनी एका भाषेचे नियम आत्मसात केल्यावर, न शिकलेल्या दुसऱ्या भाषेच्या नियमांवरून त्यांची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे. इंग्रजी शिकणाऱ्याने हिशेब द्यायचा तो इंग्रजीला, आणि जो शिक्षक किंवा संपादक लॅटिनच्या नावाने बरोबर इंग्रजी खोडतो, चूक त्याची असते.